हॉल्स्टेड रस्त्यावरचे घर

शिकागो हे नाव आपल्या कामगार वस्त्यांना नवीन नाही. एक मे आला की या शहराची आठवण निघतेच. आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ साली येथील कामगारांनी संप केला. ४ मे रोजी हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला, गोळीबार झाला आणि पुढल्या वर्षी चार कामगार पुढाऱ्यांना फाशी दिली गेली. १८९३ साली याच शहरात सर्वधर्म परिषद भरली आणि अनागारिक धम्मपालांनी तेथे जगापुढे बुद्धाचा धम्म मांडला. मात्र त्याच हेमार्केट चौकापासून दीडएक मैलावर एक घर आहे, त्याची ओळख आपल्याकडे फारच थोड्यांना आहे. वाचकहो, आज आपण त्या घरी जाऊ या. गरिबांच्या मुलाबाळांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचे ते घर होते, आणि आपल्या बाबासाहेबांच्या एका गुरूचे तेथे येणेजाणे होते.

शिकागोच्या लोकलच्या मार्गांना रंगांची नावे आहेत. निळ्या मार्गावरच्या यू.आय.सी.-हॉल्स्टेड स्टेशनावर उतरायचे आणि हॉल्स्टेड रस्त्याने दक्षिणेकडे दहाएक मिनिटे चालायचे. दोन्ही बाजूंना विद्यापीठाच्या सिमेंटच्या मोठमोठ्या इमारती दिसतात. त्यांच्यामध्ये ८०० क्रमांकाशी विटांचे एक जुने दुमजली घर उभे आहे. दर्शनी बाजूला व्हरांडा, उंच खांब आणि शेजारी जेवणघराची एक बैठी इमारत. हेच हल हाऊस. आज तेथे संग्रहालय आहे. एकेकाळी या संस्थेच्या तेरा इमारतींनी येथला सबंध चौक व्यापला होता. आता या दोनच उरल्या आहेत.

चार्ल्स हल नावाच्या श्रीमंताने १८५६ साली हे घर बांधले, तेव्हा आजूबाजूला मोकळी जागा होती. पुढे शहर वाढले, गिरण्या-कारखाने आले, श्रीमंत लोक दूर निघून गेले आणि येथे दाटीवाटीची वस्ती झाली. इटलीचे शेतकरी, रशिया-पोलंडमधून जीव वाचवून आलेले ज्यू, ग्रीक, जर्मन, आयरिश, बोहेमियन. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती. लाकडी घरांत एका खोलीत एक कुटुंब, नळ बाहेर, संडास बाहेर. त्याच खोलीत दिवसा बायकामुले शिवणकाम करीत आणि रात्री तिथेच झोपत. हल यांच्या घराच्या एका बाजूला दारूचा गुत्ता होता आणि दुसऱ्या बाजूला प्रेतांच्या अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याचे दुकान.

१८ सप्टेंबर १८८९ रोजी जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार या दोन सुशिक्षित तरुणी या घरात राहायला आल्या. जेन तेव्हा २९ वर्षांची होती. घरची संपन्न, वडील प्रतिष्ठित. लंडनच्या पूर्व भागातील टॉयन्बी हॉल तिने पाहिला होता. विद्यापीठात शिकलेले तरुण तेथे गरिबांच्या वस्तीत राहून काम करीत असत. गरिबांना दूर बसून पैसे पाठवायचे नाहीत, त्यांच्या शेजारी राहायचे, हा विचार तिला पटला. येथे लक्षात ठेवण्यासारखा शब्द आहे तो शेजारी. आश्रयदाता नव्हे, शेजारी.

टेबलाच्या पायाला बांधलेले मूल

शेजारी राहिले की काय दिसते? पहिल्याच वर्षात या बायांना तीन मुले भेटली. आया कामावर जात आणि मुलांना खोलीत कोंडून कुलूप लावून जात. एक मूल तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडले होते. दुसरे भाजले होते. तिसऱ्याच्या पाठीला बाक आला होता, कारण तीन वर्षे रोज दिवसभर त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला बांधून ठेवले जाई. दुपारी जवळच्या कारखान्यातून त्याचा थोरला भाऊ धावत येई, त्याला सोडी आणि दोघे मिळून घास खात.

त्या आईला निर्दय म्हणणे सोपे आहे. पण आपल्यातल्या किती आयांनी कामावर जाताना धाकट्याला सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर दिले आहे? किती जणींनी बाहेरून कडी लावली आहे? ज्यांनी लावली त्यांना त्या आईचे काळीज समजेल. हल हाऊसने तिला उपदेश केला नाही, पाळणाघर काढले. बैठकीच्या खोलीत बालवाडी तर आधीच सुरू झाली होती. मग क्रमाक्रमाने न्हाणीघरे, दवाखाना, वाचनालय, रात्रीचे इंग्रजीचे वर्ग, मुलांचे क्लब, व्यायामशाळा, संगीतशाळा आली. दुसऱ्या वर्षी आठवड्याला सुमारे २००० माणसे या घराची पायरी चढत होती.

खाऊ नको म्हणणाऱ्या मुली

पहिल्या नाताळात मुलींना मिठाई वाटायला घेतली, तर काही मुलींनी हातही लावला नाही. त्या म्हणाल्या, आम्हाला मिठाई डोळ्यांसमोरही नको. चौकशी केली तेव्हा कळले की या मुली मिठाईच्याच कारखान्यात कामाला होत्या. गेले सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत त्या तेथे राबत होत्या.

त्याच हिवाळ्यात क्लबमधली तीन मुले एका कारखान्यातल्या एकाच यंत्रावर जखमी झाली. त्यांतला एक मुलगा दगावला. यंत्राला थोड्याशा डॉलरांचे संरक्षक झाकण बसवले असते तर तो वाचला असता. मालक येऊन दुःख व्यक्त करतील, झाकण बसवतील, असे हल हाऊसच्या लोकांना वाटले होते. मालकांनी काहीच केले नाही. आईवडिलांनी मुलाला कामावर लावताना सही दिली होती की अपघात झाल्यास आमची तक्रार नाही.

येथून या संस्थेचे काम बदलले. मिठाई वाटून, मलमपट्टी करून हे थांबणार नाही हे तिला कळले. फ्लॉरेन्स केली नावाची बाई १८९१ च्या अखेरीस आपली तीन मुले घेऊन हल हाऊसमध्ये राहायला आली होती. तिने आणि तिच्या साथीदारांनी वस्तीत घरोघर फिरून माहिती गोळा केली. कुठल्या घरात कोण राहते, कुठल्या देशातून आले, आठवड्याला किती कमावते. मग प्रत्येक घराला रंग देऊन नकाशे तयार केले. ते १८९५ साली पुस्तकरूपाने छापले गेले. नकाशातला काळा रंग सर्वांत कमी कमाईच्या घरांचा. गरिबी ही नशिबाची गोष्ट नसून मोजता येणारी, दाखवता येणारी गोष्ट आहे हे त्या नकाशाने सिद्ध केले.

त्याआधीच १८९३ साली इलिनॉय राज्यात कारखाना कायदा झाला. १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला लावण्यास बंदी आली आणि स्त्रियांचा कामाचा दिवस आठ तासांचा ठरला. राज्याची मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून फ्लॉरेन्स केलीचीच नेमणूक झाली. नेमणूक करणारे गव्हर्नर होते आल्टगेल्ड. हेमार्केट प्रकरणात तुरुंगात राहिलेल्या तिघा कामगार पुढाऱ्यांना त्याच वर्षी माफी देऊन मोकळे करणारे तेच. मालक लोक मात्र न्यायालयात गेले आणि १८९५ साली स्त्रियांच्या आठ तासांचे कलम रद्द करून आले. लढा असाच चालतो. दोन पावले पुढे, एक मागे.

कचरा उचलणारी बाई

त्या वस्तीत कचऱ्याच्या मोठ्या लाकडी पेट्या रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या असत. त्या भरून वाहत आणि लहान मुले त्यांच्यावरच खेळत. शहराने कचरा उचलण्याचा ठेका दिलेला होता, पण ठेकेदार गरिबांच्या वस्तीकडे फिरकत नव्हता. वस्तीतल्या बायांना घेऊन जेन ॲडम्सने तक्रारींची नोंद सुरू केली. शेवटी १८९५ साली तिला स्वतःलाच त्या वॉर्डाची कचरा निरीक्षक नेमले गेले. वर्षाला १००० डॉलर पगार. सकाळी सहाला उठून ती कचऱ्याच्या गाड्यांच्या मागे जाई आणि ठेकेदाराला गाड्या वाढवायला लावी. एका गल्लीत उकरता उकरता अठरा इंच घाणीखाली फरसबंदी सापडली. तेथे रस्ता आहे हेच लोक विसरून गेले होते!

ज्या समाजाच्या पिढ्यान्पिढ्या गावाची घाण उपसण्यात गेल्या, त्या समाजाच्या वाचकाने ही गोष्ट दोनदा वाचावी. कचरा हा कुणाच्या जन्माशी चिकटलेला धंदा नाही. तो नगराच्या कारभाराचा प्रश्न आहे आणि त्याचा जाब कारभाऱ्याला विचारायचा असतो.

तरुणांचे काय?

बुटांच्या कारखान्यात संप चालला होता. हल हाऊसमध्ये बैठक भरली. मुलींना भीती होती ती खोलीच्या भाड्याची. भाडे थकले की घरमालकीण बाहेर काढणार, म्हणून पहिल्यांदा माघार घेणार त्या एकट्या राहणाऱ्या मुलीच. तेव्हा त्यांच्यातूनच सूचना आली की आपलेच राहण्याचे ठिकाण असले तर आपण एकमेकींना धरून राहू. १८९१ साली सहकारी तत्त्वावर जेन क्लब निघाला. पहिल्या महिन्याचे भाडे हल हाऊसने भरले. पुढचा कारभार मुलींनीच पाहिला. तिसऱ्या वर्षाअखेर त्या ५० जणी झाल्या होत्या.

मुलांसाठी बँड होता. एका गरीब ज्यू शिंप्याचा मुलगा तेथे क्लॅरिनेट वाजवायला शिकला. पुढे तो बेनी गुडमन या नावाने जगप्रसिद्ध झाला. आणि जी मुले वाट चुकली त्यांचे? त्या काळी चोरी करणाऱ्या दहा वर्षांच्या पोरालाही मोठ्या गुन्हेगारांबरोबर कोठडीत टाकले जाई. हल हाऊसच्या ज्युलिया लॅथ्रॉप आणि इतर स्त्रियांच्या खटपटीने १८९९ साली शिकागोत मुलांसाठी वेगळे न्यायालय सुरू झाले. अमेरिकेतील ते पहिले बालन्यायालय. मूल हे गुन्हेगार नाही, त्याला सांभाळणारा कुणी हवा, ही त्यामागची भूमिका होती.

मदत आणि मान

या संस्थेचे सगळेच बरोबर होते असे नाही. तिने पौष्टिक अन्नाचे स्वयंपाकघर काढले. शास्त्राप्रमाणे शिजवलेले, स्वस्त अन्न. पण शेजाऱ्यांनी ते फारसे घेतले नाही. त्यांना आपल्या जिभेची चव हवी होती. गरिबालाही आवड असते हे मदत करणारा नेहमी विसरतो.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. १८९३-९४ च्या मंदीत एक बेकार कारकून मदत मागायला आला. कालव्याच्या खोदाईवर काम मिळते आहे, काम मिळत असेल तर मदत देता येत नाही, असा नियम जेनने त्याला सांगितला. मी आयुष्यभर चार भिंतींत बसून काम केले आहे, असे तो म्हणाला. तरी ती नियमावर ठाम राहिली. तो दोन दिवस थंडीत खोदाईला गेला, त्याला न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात तो वारला. मागे दोन मुले राहिली. जेन ॲडम्सने ही गोष्ट आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवली आहे. माणूस पाहून नियम लावावा, नियम पाहून माणूस नव्हे, हा धडा तिला त्या मरणाने दिला.

तिसरी गोष्ट मात्र गोड आहे. १९०० साली येथे श्रमाचे संग्रहालय काढले. वस्तीतल्या म्हाताऱ्या इटालियन, सीरियन, रशियन बायका तेथे आपापल्या देशाच्या पद्धतीने सूत काततील आणि लोक येऊन पाहतील, अशी योजना होती. एक इटालियन मुलगी दर शनिवारी स्वयंपाकाच्या वर्गाला येई. तिची आईही त्याच वेळी सूत कातायला येई. पण मुलगी दुसऱ्या दाराने आत शिरे. डोक्याला फडके बांधलेली, खेडवळ आई आपली आहे हे मैत्रिणींना कळू नये म्हणून. एके दिवशी तिने पाहिले की शिकलीसवरलेली माणसे आपल्या आईच्या चातीभोवती उभी राहून कौतुक करताहेत. पुढच्या वेळेपासून ती आईबरोबर एकाच दाराने येऊ लागली.

आपल्यातही शिकून नोकरीला लागलेली मुले आहेत. धुणीभांडी करून, बिगारी करून, झाडू मारून ज्यांनी त्यांना शिकवले, ती आई कार्यालयात आली तर ती कोणत्या दाराने आत येते? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

ज्यांना दार उघडे नव्हते

या घराची एक बाजू आपल्या वाचकांपासून लपवता येणार नाही. हल हाऊसच्या क्लबांत आणि वर्गांत प्रामुख्याने युरोपातून आलेली गोरी कुटुंबे होती. शिकागोच्या कृष्णवर्णीयांना शहराच्या दक्षिण भागात कोंबलेले होते आणि पहिली अनेक वर्षे या घरात त्यांना फारसे स्थान नव्हते. जेन ॲडम्स व्यक्तिशः त्यांच्या बाजूच्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली राष्ट्रीय संघटना उभारण्याचे जे आवाहन निघाले, त्यावर त्यांची सही होती. पण एका व्यक्तीची सही वेगळी आणि संस्थेचे दार वेगळे.

त्या दाराची वाट पाहत न बसता आयडा बी. वेल्स ही बाई उभी राहिली. गुलामीत जन्मलेली, झुंडशाहीने होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांविरुद्ध निर्भय लेखणी चालवणारी. १९१० साली तिने शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर कृष्णवर्णीय तरुणांसाठी निग्रो फेलोशिप लीग काढली. दक्षिणेतून कामाच्या शोधात आलेल्या पोरांना तेथे वाचनालय, निवारा आणि नोकरीची माहिती मिळे. देणगी आटली तेव्हा तिने न्यायालयातली नोकरी धरली आणि आपला पगार त्यात घातला. १९२० साली मात्र ती संस्था बंद पडली. त्यानंतर चार वर्षांनी, २० जुलै १९२४ रोजी, मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले. सातासमुद्रांपलीकडच्या दोन समाजांनी एकच गोष्ट ओळखली होती. दुसऱ्याचे दार उघडेपर्यंत आपले लेकरू उघड्यावर ठेवायचे नसते.

गुरूचे घर

आता बाबासाहेबांच्या गुरूविषयी. तत्त्वज्ञ जॉन ड्युई १८९४ ते १९०४ शिकागो विद्यापीठात होते. हल हाऊसच्या विश्वस्त मंडळावर ते होते, तेथे व्याख्याने देत आणि जेन ॲडम्सशी वाद घालता घालता शिकतही. आपल्या एका मुलीचे नाव त्यांनी जेनवरूनच ठेवले. पुढे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तेथे शिकत असताना ड्युई त्यांना गुरू म्हणून लाभले. लोकशाही म्हणजे केवळ राज्यपद्धती नव्हे, ती माणसांनी एकमेकांबरोबर जगण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार आपण बाबासाहेबांच्या लेखनात पुनःपुन्हा वाचतो. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये त्यांनी या गुरूचे ऋण उघडपणे नोंदवले आहे. जून १९५२ मध्ये कोलंबियाची सन्माननीय पदवी घेण्यासाठी बाबासाहेब अमेरिकेस गेले. त्याच दिवसांत, १ जूनला, ड्युई वारले. गुरुशिष्यांची भेट राहून गेली.

या रस्त्याची एक वाट मुंबईतही पोचते. शिकागोत शिकलेले अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहूड हाऊस उभारले. नावातच शेजार आहे! तेथेच १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची शाळा सुरू झाली. तीच आजची देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था.

काय संपले, काय राहिले

१९३१ साली जेन ॲडम्सना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३५ साली त्या गेल्या. १९६० च्या दशकात विद्यापीठासाठी ही सबंध वस्ती पाडायचे शहराने ठरवले. शिंप्याची मुलगी फ्लॉरेन्स स्काला हिच्या पुढाकाराने शेजारच्या बाया सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या, पण हरल्या. संस्था दुसरीकडे काम करीत राहिली. तिची मदार सरकारी अनुदानावर वाढत गेली, वर्गणी आटली आणि जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरी पत्करून दारे बंद केली. सुमारे ३०० कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. एकशे बावीस वर्षांचे काम काही दिवसांत थांबले.

मग सारे व्यर्थ गेले का? नाही. पाळणाघर बंद पडले, पण मुलांचे न्यायालय राहिले. ते आज जगभर आहे. वाटलेली मिठाई संपली, पण १४ वर्षांखालील मुलाला कारखान्यात घालू नये हा कायदा राहिला. आपल्या संविधानाचे २४ वे कलम उघडून पाहा. तेथेही वय १४ च आहे. मदत एका हिवाळ्यापुरती असते. तिचे हक्कात रूपांतर झाले की ती नातवंडांपर्यंत पुरते.

म्हणून आपल्या विहारात, समाजमंदिरात जे तरुण संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतात, ज्या भगिनी वर्गणी काढून वह्या वाटतात, त्यांनी दोन कामे आणखी करावीत. एक, वस्तीची वही ठेवावी. कोणत्या घरचे मूल शाळेतून गळाले, कोणती आई बाहेरून कडी लावून कामावर जाते, कुठला नळ कोरडा आहे, हे घरोघर जाऊन लिहावे आणि ती वही नगरसेवकाच्या टेबलावर ठेवावी. दुसरे, खर्चाचा निदान काही भाग आपल्याच घरांच्या लहान लहान वर्गणीतून उभा करावा, म्हणजे अनुदान थांबले तरी दिवा विझणार नाही.

हॉल्स्टेड रस्त्यावरच्या त्या घरात आता शाळेच्या सहली येतात. मुले जिना चढतात, खोल्या पाहतात, जुने नकाशे पाहतात. नकाशातली ती काळी घरे केव्हाच पाडली गेली आहेत. पण आपल्या गल्लीचा तसा नकाशा अजून कुणी काढलेला नाही. त्याला फार काही लागत नाही. एक वही, रंगीत पेन्सिली आणि दार ठोठावण्याची तयारी, एवढे पुरे.